चिटणीसकाका

हैदराबादेत मराठी मंडळं पुष्कळ, पण एका मंडळात चिटणीसकाका एकच. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतो, खजिनदार कुणी हिशेब मागितला की बदलतो, काका मात्र बदलत नाहीत. मंडळाच्या घटनेत त्यांचं पद असेलच असं नाही. त्यांची सत्ता वेगळ्याच गोष्टीवर चालते : सगळ्यांचे ईमेलचे पत्ते त्यांच्याकडे असतात.

काका बहुधा काचीगुडा नाहीतर बर्कतपुऱ्यातले. वडील नांदेड-परभणीकडून निजामाच्या रेल्वेत किंवा कोर्टकचेरीत नोकरीला आलेले. स्वतः काका विवेकवर्धिनीचे विद्यार्थी. शिक्षणसंस्था 1907 सालची, पण काका तिच्याबद्दल बोलू लागले की पायाचा दगड यांच्याच हाताखालून गेला असावा असं वाटतं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. ही राज्य पुनर्रचना काकांच्या संगणकाने अजून मान्य केलेली नाही. त्यांच्या पत्त्यांच्या वहीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे पाच गट आहेत. सहावा गट ‘इतर’. हायटेक सिटीत नोकरीला आलेली पुण्या-मुंबईची समस्त पिढी त्या ‘इतर’मध्ये पडलेली असते.

मंडळात देशपांडे फार. तेव्हा काका नावापुढे कंस करतात : देशपांडे (हार्मोनियम), देशपांडे (कुकटपल्ली), देशपांडे (वर्गणी बाकी). आपण वहीत जे नाव लिहितो ते पुष्कळदा पत्रासोबत समोरच्यापर्यंतही जातं, हे काकांना कुणी सांगितलेलं नाही. त्यात सगळे पत्ते ‘प्रति’च्या रकान्यात, उघड. ‘बीसीसी’ म्हणजे चोरून पत्र पाठवणं, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे कोजागरीचं आमंत्रण आलं की कोण काय वाजवतं, कोण कुठे राहतं आणि कुणाची वर्गणी राहिली आहे, हे न्यू जर्सीपर्यंत कळतं. दिवंगत सभासदांच्या नावापुढे ‘कै.’ लागतं, पण पत्र थांबत नाही. “वहिनी वाचतात ना,” काका म्हणतात.

तरुण मंडळी व्हॉट्सअ‍ॅपचा आग्रह धरतात. काकांचं उत्तर तयार असतं : “नक्को. ग्रुपमधून माणूस निघून जातो. ईमेलमधून जाऊन दाखवा!”

तर अशा काकांवर अपग्रेडचा प्रसंग येतो. तो नेमका दिवाळी पहाटच्या आदल्या आठवड्यात येतो. काकांनी आजवर बरीच स्थलांतरं पाहिली. आउटलुक एक्सप्रेसच्या काळात सगळा गोतावळा ‘.वॅब’ नावाच्या एकाच फाइलीत एकत्र कुटुंबासारखा नांदत होता. 2007 साली व्हिस्टा आलं, त्यात विंडोज मेल आलं आणि प्रत्येक माणसाची वेगळी फाइल झाली. वाटण्या काकांना मानवल्या नाहीत, म्हणून ते थंडरबर्ड या ईमेल सॉफ्टवेअरकडे वळले. तिथे सुखात होते. मग एक दिवस त्यांनी नवी आवृत्ती बसवली, पडदा उजळला, आणि ‘प्रति’च्या रकान्यात ‘दे’ टाइप केल्यावर एकही देशपांडे उभा राहिला नाही.

अशा वेळी काका प्रथम संगणकाला हात लावत नाहीत. ते फोन उचलतात आणि एकेका सभासदाला स्वतः कळवतात, “तुमचा पत्ता गेला.” आवाज असा, की पलीकडचा माणूस आधी स्वतःची नाडी बघतो. हे सगळे फोन नंबर काकांना तोंडपाठ असतात, हा भाग वेगळा.

मग गच्चीबोवलीहून भाचीला बोलावणं जातं. ती विचारते, “काका, तुम्ही काय काय केलंत?”

“काही नाही.”

या ‘काही नाही’त जुनं सॉफ्टवेअर काढणं, नवं दुसऱ्या फोल्डरात बसवणं, ‘तुम्हाला खात्री आहे का?’ या प्रश्नाला न वाचता होकार देणं आणि शेवटी अगरबत्ती लावणं, एवढं सगळं येतं.

“बराबर चाललं होतं कधीपर्यंत?”

“अरे परसोंपर्यंत!”

गेलेलं काहीच नसतं. 2019 पासून थंडरबर्ड वेगळ्या जागी बसवलं की स्वतःचं नवं, कोरं प्रोफाइल उघडतं. जुनं तिथेच शेजारी पडून असतं. मदतीच्या मेन्यूत शिरून भाची ते दाखवते. शिवाय 2020 च्या 78व्या आवृत्तीने पत्त्यांच्या फाइलींचं रूपच पालटलं : ‘.मॅब’ची ‘.एस्क्यूलाइट’ झाली. तिला आणखी एक शोध लागतो. काकांनी ‘जतन करा’ फारसं कधी दाबलेलंच नाही. ज्याला पत्र पाठवाल त्याचा पत्ता सॉफ्टवेअर आपणहून एका वेगळ्या वहीत टिपून ठेवतं. चुकीचा टाइप केला तर चुकीचाही. काका अभिमानाने ज्याला ‘माझी यादी’ म्हणत होते, तिच्यात एकेक सभासद चार-चार स्पेलिंगांनी राहत होता. मंडळाची सभासदसंख्या सतत वाढते कशी, याचंही उत्तर तिथेच मिळालं.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? खबरदारी म्हणून ते देवघरातून पेन ड्राइव्ह काढतात. त्यावर फार पूर्वीची प्रत. भाची नको नको म्हणत असताना तीही आत ओतली जाते. मग मेलेले, गेलेले आणि मुख्य म्हणजे भांडून काढलेले, सगळे परत येतात. नाटकाच्या पासांवरून मंडळ सोडलेले, गणपतीच्या आरतीच्या क्रमावरून अबोला धरलेले, काकांनी स्वतःच्या हाताने पुसलेले. भाची मागे वळून बघेपर्यंत आमंत्रण सुटलेलं असतं.

दिवाळी पहाटेला ते सगळे येतात. पहिल्या रांगेत बसतात. इराणी चहा पितात, उस्मानिया बिस्किटं बुडवून खातात आणि आमंत्रण उशिरा आलं म्हणून काकांकडे तक्रार करतात. काका खूश. इतकी गर्दी मंडळाने कधी बघितलेली नसते.

त्यानंतरच्या बैठकीत भाची सूचना मांडते : यादीची एक प्रत मंडळाकडे असावी, म्हणजे पुन्हा अशी परेशानी नको. सगळे माना डोलावतात. काकाही. फक्त त्यांचं म्हणणं एवढंच, की लोकांचे पत्ते असे परस्पर कसे द्यायचे? प्रत्येकाची लेखी संमती घ्यायला हवी. ती मागणारं पत्र काकांनी त्याच रात्री सर्वांना पाठवलं, आणि बहुतेकांनी होकारही कळवला.

ठराव मात्र अजून अमलात आलेला नाही. ‘कै.’ नोंद असलेल्या मंडळींच्या उत्तराची काका वाट पाहताहेत.