साक्यासकट हापूस

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खं देवगड उतरतं. एरवी पाण्याचा टँकर आणि पार्किंग यांपलीकडे न बोलणारी माणसं एकाएकी बागायतदार होतात. बी विंगमधल्या जिमवाल्या तरुणाची बाग, तळमजल्यावरच्या विमा एजंटाची सासुरवाडीकडची बाग, इस्त्रीवाल्याच्या ओळखीतल्या कुणाची तरी बाग. प्रत्येकाचा माल अस्सल देवगड हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, थेट शेतकऱ्याकडून आणि साठा मर्यादित. त्यातल्या 'साठा मर्यादित' एवढ्यावर माझा विश्वास आहे. देवगड हा शेवटी एक तालुका आहे. तिथून एवढे आंबे निघायचे तर किनाऱ्यावरच्या खडकांवर आणि पुढे समुद्रातही कलमं लावावी लागतील. फोटो मात्र सगळ्यांचा एकच. गवतात मांडलेले आंबे, कडेला एक कापलेला, त्यावर पाण्याचे थेंब. तो आंबा गेली काही वर्षं तसाच कापलेला आहे आणि अजून काळा पडलेला नाही.

या गर्दीत माझाही एक पाय आहे. माझ्या आतेभावाची देवगड तालुक्यात बाग आहे, आणि ती खरोखरच आहे, हे हल्ली मुद्दाम सांगावं लागतं. वर्षानुवर्षं त्याचा माल वाशीला जायचा. पेटी भरायची, ट्रकवर चढवायची आणि दलालाच्या पट्टीची वाट बघत बसायचं. भाडं, हमाली, तोलाई वगैरे वजा होऊन पट्टीत जो आकडा उरायचा, तो वाचला की आतेभाऊ काही न बोलता खळ्यात एक फेरी मारून यायचा. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातल्या पुष्कळ बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवायला सुरुवात केली, त्यात हाही होता. माल न्यायला टेम्पो मिळाला, पैसे घ्यायला यूपीआय मिळालं. राहिली जाहिरात. "तू लिवतंस मां?" म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. घरात लेखक असला की लग्नपत्रिका, श्रद्धांजली आणि आंब्याची जाहिरात ही कामं त्याचीच. तिन्हींचं मानधन सारखंच.

सल्लागार म्हणून आतेभावाचा मुलगा हजर होता. तो नुकताच एमबीए होऊन आलेला. "काका, प्रॉडक्ट विकायचं नसतं, स्टोरी विकायची असते," असं म्हणून त्याने स्टोरी सुचवलीही. आजोबांनी कातळ फोडून लावलेलं पहिलं कलम, त्याच्या सावलीत वाढलेल्या तीन पिढ्या, मागे बासरी. आजोबांनी कातळ फोडला हे खरंच आहे. पण ते पहिलं कलम मेलं, हे आतेभावाने लगेच सांगितलं. दुसरंही मेलं. जगलं ते तिसरं, आणि ते पायरीचं निघालं. पुतण्या म्हणाला, "एवढं डिटेलमध्ये नाही जायचं." आतेभावाचं म्हणणं, पायरीच्या सावलीत वाढून हापूस विकायचा तर डिटेलमध्ये जावंच लागेल. बासरी तिथेच बंद पडली.

मग "शंभर टक्के सेंद्रिय" पुढे आलं.

"मगे मी फवारलंय ता काय गुलाबपाणी?" आतेभाऊ भडकला.

त्याचं भडकणं मला पटलं. मोहोरावर तुडतुडे येतात, फुलकिडी येतात, भुरी येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने फवारणीचं वेळापत्रकच करून दिलेलं आहे. ते पाळणारा बागायतदार काही लपूनछपून पाप करत नसतो. पण जाहिरातीत शिरला की तोच माणूस 'केमिकलफ्री' होतो. पिकवण्याची गोष्ट वेगळी. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, आणि आमच्याकडे तर सरळ अढी घालतात, गवताचा थर, फळांचा थर. म्हणजे 'कार्बाइड नाही' हे खरं आणि 'औषध नाही' हे खोटं. एकाच फळाबद्दल एक खरं आणि एक खोटं वाक्य शेजारीशेजारी बसवलं की खऱ्यालाही खोट्याचा वास लागतो. म्हणून आम्ही लिहिलं, मोहोरावर औषध मारावं लागतं, ते मारलं आहे. पिकवताना काही घालत नाही. पुतण्याने कपाळावर हात मारून घेतला. खायच्या वस्तूच्या जाहिरातीत 'औषध मारलं आहे' हे शब्द त्याच्या अभ्यासक्रमात कुठेही आले नव्हते.

वहिनी आत फळं निवडत बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "आणि साक्याचा काय?"

हापूस खाणाऱ्याला साका समजावून सांगायला नको. वरून फळ देखणं, देठाशी केशरी झाक, वास घरभर. कापलं की कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. घरचीच माणसं जेवायला असली तर सहसा निघत नाही. व्याही आले आणि यजमानांनी 'आमचा नेहमीचा आंबेवाला आहे' असं म्हणून सुरी लावली की हमखास निघतो. बाहेरून तो कुणालाच कळत नाही. झाडावर चढून घळाने फळ काढणाऱ्याला नाही, वाशीच्या व्यापाऱ्याला नाही, आणि मंडईत प्रत्येक आंबा दाबून, हुंगून, उजेडात धरून अखेर 'हा नको, तो द्या' म्हणणाऱ्या आजोबांनाही नाही. संशोधकांनी त्याची कारणं शोधली आहेत. जमिनीतून वर येणारी धग, आतल्या आत रुजायला लागलेली कोय, झाडावर फार वेळ राहिलेलं फळ. ती सगळी ऐकून निष्कर्ष एवढाच निघतो की हा हापूसचा स्वभाव आहे. साका होत नाही असा आंबाही आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये आली. दिसायला चांगली, खायला चांगली, साक्याची भानगड नाही. बिचारीचा दोष एकच, तिचं नाव हापूस नाही. आपण लोक नावासाठी साका खाऊ, पण साक्यासाठी नाव सोडणार नाही.

घेणाऱ्याला न दिसणाऱ्या दोषावर जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. विषय जुन्या मोटारींचा. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाने कमी भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक वैतागून बाजारातून उठतो, आणि मागे राहतात ते खटारे. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी साभार परत केला होता, त्यामुळे मराठी लेखकाला या गृहस्थांबद्दल आपोआप जिव्हाळा वाटतो. २००१ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं, तिथे जिव्हाळा जरा कमी होतो. आमच्या साक्याची गोष्ट मात्र मोटारीच्याही पुढची. इथे नेमकं कुठलं फळ बिघडलेलं आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पेटीत एखादं असू शकतं, एवढंच त्याला ठाऊक असतं. आणि तेवढंच तो सांगत नाही.

"काका, निगेटिव्ह काही लिहायचं नसतं," पुतण्या म्हणाला.

"कापल्यार त्यांका दिसतलाच," वहिनी म्हणाली. "मगे आपणच आधी सांगितला तर काय बिघाडला?"

एमबीएच्या दोन वर्षांची फी यावर काही उत्तर देऊ शकली नाही. शेवटी जाहिरात वहिनीने तोंडी सांगितली आणि मी शुद्धलेखन तपासलं. ती अशी झाली:

'देवगड हापूस. बाग आमची. मोहोरावर औषध मारलं आहे, पिकवताना काही घालत नाही. डझनात एखाद्या फळात साका निघू शकतो, बाहेरून आम्हालाही कळत नाही. निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या वेळी फळ वाढवून देऊ किंवा पैसे परत करू. सालीवर चिकाचे डाग असतील, त्याने चव बिघडत नाही. पेटी आली की लगेच कापू नका. गवतात राहू दे, साल जराशी सुरकुतली की खा. मार्चमध्ये भाव जास्त असतो. घाई नसेल तर मे महिन्यात घ्या.'

प्रामाणिकपणाने धंदा वाढतो असं भाषणात सांगणाऱ्यांनी यानंतरचा आठवडा बघायला हवा होता. पहिला प्रश्न आला, "बिनसाक्याची पेटी काय भावाने?" दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, साका असलेले आंबे वेगळे काढून स्वस्तात मिळतील का, त्यांना मिल्कशेकलाच हवे आहेत. एक निवृत्त साहेब फोनवर बराच वेळ बोलले. त्यांचा मुद्दा असा की ग्रुपवर इतके लोक आंबे विकतात, कुणाच्याच आंब्यात साका नसतो, मग तुमच्याच आंब्यात कसा? या प्रश्नाला खरं उत्तर एकच आहे आणि ते दिलं की शेजाऱ्याशी भांडण होतं. साहेबांनी जिमवाल्याकडून पेटी घेतली. मे महिन्यात घ्या म्हटल्यावर बऱ्याच जणांनी, "बरं, मग मे मध्ये सांगतो," म्हटलं आणि मे मध्ये ते सगळे महाबळेश्वरला गेले.

पुण्यात राहून मी प्रामाणिकपणाची एवढी नवलाई का सांगतो, असं कुणी विचारेल. इथल्या दुकानांच्या पाट्यांइतकं खरं बोलणारं वाङ्मय जगात नाही. दुपारी बंद म्हणजे बंद, सुटे पैसे नाहीत म्हणजे नाहीत, आमची कोठेही शाखा नाही. या पाट्यांचा मीही भक्त आहे, पण त्या नीट वाचा. त्यात गिऱ्हाइकाचे सगळे दोष अगदी निर्भीडपणे मांडलेले असतात. मालाचा एकही नसतो. 'सकाळची भाजी दुपारनंतर मागू नये' अशी पाटी मी वाचली आहे. 'भाजी सकाळची आहे' अशी अजून वाचायची आहे.

दुसऱ्या टोकाला पेटीवरची छपाई. पेटीवर ठळक 'देवगड', आणि फळांखाली अंथरलेलं वर्तमानपत्र कन्नड, हा अनुभव घेतला नाही असं मराठी घर विरळा. कर्नाटकाच्या आंब्यात वाईट काही नाही. कर्नाटकचा म्हणून दिला आणि त्या भावाने दिला तर मीही आनंदाने खाईन. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. वर्तमानपत्र कुठलं अंथरावं याबद्दल काही नाही. २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर लावायला वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर काढले. ते उचकटले की पुन्हा चिकटत नाहीत आणि फोनवरून तपासता येतात. आंब्याला ओळखपत्र काढावं लागलं, यावरूनच बाजारात काय चाललंय ते समजावं. एक आंबा मात्र आपलं गाव कधी लपवत नाही. हिवाळ्यात आफ्रिकेतल्या मलावीहून वाशीला हापूस येतो, तो मलावीचा म्हणूनच विकला जातो. ऐन थंडीत देवगडचा म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार?

पुढे आमचं काय झालं म्हणाल, तर ज्यांनी पेट्या घेतल्या त्यांचे साक्याचे फोटो यायला लागले. पुतण्याने आधीच भाकीत केलं होतं की लोक फसवतील. फसवलं, एकदा. दोन जावांनी वेगवेगळ्या नंबरांवरून एकाच आंब्याचे दोन बाजूंनी काढलेले फोटो पाठवले. वहिनीने फोटो मोठा करून पाहिला. दोन्हीकडे तेच ताट, काठावर निळी वेल आणि त्याच जागी उडालेला टवका. तिने भांडण केलं नाही. पहिलीला एक फळ वाढवून दिलं आणि दुसरीला मेसेज केला, "ताट छान आहे हो, कुठे घेतलंत?" दुसरीचं उत्तर आलं नाही, पण तिने पुढची पेटी आमच्याकडूनच घेतली आणि दोन नवीन गिऱ्हाइकं जोडून दिली. बाकी बहुतेकांनी साका निघूनही फोटो पाठवलाच नाही. "सांगितलं होतंत, निघाला, टाकून दिला," एवढंच म्हणाले. हाच साका न सांगता निघाला असता तर त्याचा फोटो ग्रुपवर पडला असता, आणि तोसुद्धा लाल गोलासकट.

मे संपता संपता पहिला पाऊस झाला तेव्हा वहिनीने मेसेज टाकला, की पावसानंतर फळमाशीने फळात अळी होते, उरलेला माल कॅनिंगला दिला, आता आंबे मागू नका. त्या दिवशी ग्रुपवर बाकी सगळ्यांचा 'शेवटचा साठा, स्पेशल ऑफर' चालू होता. निवृत्त साहेबांनी तो घेतला. दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला, पुढच्या वर्षीचं बुकिंग कधी सुरू होतं ते विचारायला.

तर वाचकांपैकी कुणाला पेटी सांगायची असेल त्यांच्यासाठी: यंदा मोहोर उशिरा आला आहे आणि फळ कमी आहे. एप्रिलचा पहिला पंधरवडा उलटेपर्यंत विचारू नका, वहिनी नाही म्हणेल. भाव गेल्या वर्षीपेक्षा जास्त असेल. आणि साका निघालाच तर फोटो तिला पाठवा. मला नको, मी फक्त शुद्धलेखन बघतो.