कंसवध

आमचे एक ज्येष्ठ कथाकार हस्तलिखितातच संपादकाशी गप्पा मारतात. [टीप] असं लिहून सुरुवात, [/टीप] लिहून निरोप. दिवाळी अंक छपाईला जाण्याआधी या सगळ्या टिपा उपटायच्या असतात. "मावशी, रेग्युलर एक्स्प्रेशन लाव, एका ओळीचं काम," भाचा म्हणाला. ती ओळ लिहायला त्याचा रविवार गेला.

रेग्युलर एक्स्प्रेशन ही मजकुरातले साचे शोधायची सांकेतिक भाषा. तिच्यात चौकोनी कंसाचा अर्थ 'आतलं कुठलंही एक अक्षर'. म्हणजे [टीप] तसंच लिहिलं, तर यंत्र ट, दुसरी वेलांटी आणि प शोधत सुटतं. ते पुसायला सांगितलं की नायिका पाटीलबाईंच्या आडनावाचा एक काना आणि ल उरतो. म्हणून कंसाआधी तिरकी रेघ द्यायची, तीही उलटी.

मग आला डॉट-स्टार: काहीही, कितीही वेळा. यातला स्टार स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाचा, १९५०च्या दशकातला. संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सनने १९६८ साली त्याला मजकूर शोधायला जुंपलं. हा स्टार स्वभावाने हावरट. एसटीत चढून थेट शेवटचं बाक गाठायचं आणि तिथून एकेक बाक मागे येत जागा शोधायची, अशी त्याची रीत. त्याला पहिला [/टीप] दिसतच नाही, शेवटचा दिसतो. पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंतची कथा त्याने गिळली. उरलं शीर्षक आणि 'समाप्त'. (कथा बरीच सुधारली होती, पण हे आपल्यातच.)

स्टारपुढे प्रश्नचिन्ह टाकलं की तो मिताहारी होतो, पहिल्याच [/टीप]पाशी थांबतो. पण आमचे कथाकार टिपेच्या पोटात टीप लिहितात! आतली संपली की यंत्राला वाटतं, सगळंच संपलं. बाहेरच्या टिपेचं शेपूट मग कथेत लोंबतं: "आणि हा परिच्छेद आमच्या हिला दाखवू नका. [/टीप]"

अस्सल रेग्युलर एक्स्प्रेशनला कंस कितीही खोल गेले तर मोजता येत नाहीत. किती उघडले याची आठवण ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते. पर्लसारख्या भाषांनी पुढे त्यावरही तोड काढली, पण ती वाचून भाच्याने चष्मा पुसला आणि साधा मोजणीचा प्रोग्राम लिहिला. टिपेचा कंस उघडला की एक मिळवा, मिटला की एक वजा करा, शून्य झालं की कापा.

कथा संपली तेव्हा आकडा एकवर अडकलेला. मी कथाकारांना फोन लावला.

"असू दे उघडा," ते म्हणाले. "पुढच्या दिवाळीला बंद करतो."