विषय : पूल उचलण्याच्या वेळेत बदल करणेबाबत

शिकागोत ऑफिसला उशीर झाल्याची कारणं ठरलेली आहेत. बर्फ पडला, ट्रेन मधेच थांबली, पोराला ताप आला. साहेब ती ऐकून घेतो, पण ऐकताना त्याची एक भुवई वर जाते. ‘पूल लागला’ म्हटलं की मात्र भुवई जागची हलत नाही. ज्या रस्त्यावरून ऑफिसला यायचं तो रस्ताच उठून आकाशाकडे तोंड करून उभा राहिला, तर त्यात बाईमाणसाचा काय दोष?

हे उभं राहणं हंगामी असतं. शहरातल्या शिडाच्या बोटी हिवाळाभर नदीकाठच्या बोटयार्डांत गुंडाळून ठेवलेल्या असतात. वसंत आला की त्यांना मिशिगन तलावात जायचं असतं, पानगळ सुरू झाली की परत यायचं असतं. मधे नदी, आणि नदीवर एकामागून एक पूल. ॲशलंड ॲव्हेन्यूपासून तलावापर्यंत २७. पूल बुटके, डोलकाठ्या उंच. मग ठरलेल्या बुधवारी आणि शनिवारी सकाळी बोटींचा ताफा निघतो आणि त्याच्यासाठी एकेक पूल उचलला जातो. एका पुलाची आठ-दहा मिनिटं. प्रत्येक पुलावर कायमची माणसं बसवणं परवडत नाही, म्हणून महापालिकेची पथकं मागचा पूल खाली टेकवून गाडीत बसतात, बोटींना मागे टाकतात आणि पुढच्या पुलावर हजर होतात. वऱ्हाड एकच, पण दर चौकात नवा बँड लावल्यासारखं हे चालतं. ऑफिसच्या गर्दीच्या वेळेत पूल उचलत नाहीत. म्हणजे वेळेवर निघणाऱ्याला पूल लागत नाही, उशिरा निघणाऱ्यालाच लागतो. हा बारकावा मी साहेबापुढे काढत नाही.

माझे सासरे अण्णा एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नातवंडं बघून झाली, फ्रीजवरचा बर्फाचा नळ बघून झाला, दुसऱ्या आठवड्यात त्यांना करमेना. एका बुधवारी मी त्यांना आणि सासूबाईंना बरोबर घेऊन निघाले आणि मिशिगन ॲव्हेन्यूवर नेमका पूल लागला.

घंटा वाजली, आडवे दांडे खाली आले, पिवळ्या जाकिटातल्या माणसानं शेवटच्या दोन पर्यटकांना हुसकावलं. मग पुलाच्या बरोबर मधोमध रस्त्याला चीर पडली. चिरेतून आधी पाणी दिसलं, मग आभाळ. दोन्ही बाजूंची पानं सावकाश उठली, डांबरावरचा पट्टा सरळ वर चढत गेला, दिव्यांचे खांब आडवे झाले. उतारावरून कॉफीचा कागदी पेला, बाटलीचं झाकण आणि कुणाचा तरी एकुलता हातमोजा घरंगळत आमच्या पायांशी आला. खालून सात-आठ बोटी गेल्या. एका बोटीवरचा माणूस आरामात सँडविच खात होता. दोन्ही काठांवर शेकडो माणसं आणि दोन्हीकडे बसगाड्यांची रांग खोळंबली होती, आणि त्याला त्याचं मोहरीएवढंही काही वाटत नव्हतं.

अण्णा म्हणाले, “आमच्या मुठेवर भिडे पूल आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की पाणी पुलावरून जातं. आम्ही नदीला वाट देतो. हे लोक पूलच काढून घेतात.” या वाक्यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून अण्णांना करमू लागलं.

मिशिगन ॲव्हेन्यूचा हा पूल १९२० सालचा. त्याच्या नैर्ऋत्येच्या बुरुजात २००६ पासून एक छोटं संग्रहालय आहे आणि तिथून पुलाची यंत्रं बघता येतात. अण्णांनी तिथे मुक्कामच ठोकला. पूल उचलण्याच्या दिवशी तिथल्या खोलीत उभं राहिलं की माणसापेक्षा मोठं दातेरी चाक आपल्यासमोर फिरू लागतं, इतकं सावकाश की आधी तेलाची चमक हलताना दिसते, मग दाते. पुलाच्या शेपटाकडचं प्रचंड वजन त्याच वेळी खाली खड्ड्यात उतरत असतं. सगळा खेळ तोलाचा. पुढच्या पानाइतकंच मागचं ओझं, त्यामुळे मोटारीला उचलायचं असं फारसं काही नसतंच, नुसतं मन वळवायचं असतं. हा तोल बिघडला की काय होतं तेही अण्णांनी शोधून काढलं. २० सप्टेंबर १९९२ ला दुरुस्ती चालू असताना याच पुलाचं एक पान अचानक उसळून वर गेलं आणि त्यावरची क्रेन आडवी झाली. अण्णांनी ते शांतपणे वाचलं आणि एवढंच विचारलं, “कंत्राटदार कोण होता?”

जुलैत त्यांना आणखी एक आवडतं दृश्य मिळालं. ऊन फार तापलं की पोलाद फुगतं, सांधे एकमेकांत अडकतात आणि पूल मिटेनासा होतो. म्हणून इथे पुलांवर पाण्याचे फवारे मारतात. पुलाला आंघोळ घालतात, हे त्यांनी त्याच दिवशी पुण्यातल्या सगळ्या मित्रांना कळवलं.

अण्णा इथवर थांबले असते तर त्याला छंद म्हणता आलं असतं. पण ते सरकारी नोकरीत होते. यंत्र समजलं की त्यांना नियम लागतो. पूल महापालिकेचा, उचलायचं काम महापालिकेचं, पण केव्हा उचलायचा हे ठरवतं केंद्राचं कोस्ट गार्ड, आणि समुद्र इथून शेकडो मैल लांब. हे ऐकून त्यांना परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. आधी हे काम लष्कराच्या इंजिनिअरांकडे होतं, १९६७ मध्ये ते कोस्ट गार्डकडे वर्ग झालं. “वर्ग झालं” हे शब्द अण्णांनी असे उच्चारले की जणू फाइल त्यांच्याच टेबलावरून गेली होती.

मूळ नियम मोठा उदार आहे. बोटीनं खूण केली की पूल लगेच आणि पुरता उघडला पाहिजे. नदी हा सार्वजनिक रस्ता, आणि तो पुलाच्याही आधीचा. सगळी वेळापत्रकं म्हणजे या नियमाला दिलेले अपवाद. खूणही ठरलेली आहे : एक लांब भोंगा, लगोलग एक आखूड. पूल उघडणार असेल तर पुलावरून तसंच उत्तर येतं. उघडता येत नसेल तर पाच आखूड भोंगे, भराभर.

आमच्या घरात बाथरूम एक आणि माणसं सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी बाथरूमच्या दारावर एक लांब, एक आखूड अशी थाप मारली. आतून माझ्या मुलीनं पाच आखूड थापा दिल्या. अण्णा समाधानानं परत फिरले. ते येण्याआधी याच दारासमोर रोज आरडाओरडा व्हायचा हे मी नमूद करते.

मग त्यांना ते कलम सापडलं. उचलत्या पुलाच्या वेळेत कायमचा बदल हवा असेल तर कोणीही कोस्ट गार्डच्या विभागीय कमांडरकडे लेखी अर्ज करू शकतो. कोणीही! रहिवासी असावा, कर भरणारा असावा, बोट असावी, असली काही अट नाही. फक्त मागणीच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रं जोडायची. अर्जात दम वाटला तर प्रस्ताव प्रसिद्ध करतात, हरकती आणि सूचना मागवतात, मनात आलं तर काही दिवस नवी वेळ चालवूनही बघतात. अण्णांचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर इतकी वर्षं ते ज्या कलमाची वाट बघत होते ते कोस्ट गार्डच्या क्लीव्हलंडच्या कार्यालयात होतं.

“महोदय,” असा मजकूर सुरू झाला. “उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मिशिगन ॲव्हेन्यूवरील पूल बुधवार-शनिवारऐवजी रोज सकाळी अकरा वाजता उचलण्यात यावा. बोट असो वा नसो.”

“अण्णा, बोट नसताना कशाला?” मी विचारलं.

“अगं, अकराला माझी पायी फेरी तिथे पोचते.”

मला हसू आलं. पण जोडपत्रं वाचत गेले तसा पुलांच्या वेळापत्रकांचा सगळा इतिहासच अण्णांच्या बाजूनं उभा राहू लागला. जोडपत्र ‘अ’ होतं १८८३ चं. तेव्हा शिकागोच्या नदीत जहाजांची रीघ असे आणि पूल दिवसभर उघडमीट करत. महापालिकेनं नियम केला : सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ५.३० ते ६.३० पूल उघडायचे नाहीत, कारण तेव्हा कामगार कामावर जातात-येतात. एरवी उघडले तरी एका वेळी १० मिनिटांच्या वर नाही. रविवारी सूट. एस्कानाबा बंदरातून लोखंडाचं खनिज आणणाऱ्या एका जहाज कंपनीला हा अन्याय वाटला. आमची जहाजं तासभर थांबवता म्हणजे काय, देशाचा व्यापार थांबवता, असं म्हणत ती पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयानं शहराची बाजू घेतली. नदीही हवी आणि रस्ताही हवा, कुणी किती थांबायचं ते त्या गावाला चांगलं कळतं, असा निकालाचा सूर. लोखंडाला एक तास थांबवायचं की हजारो कामगारांना दहा-दहा मिनिटं, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायमूर्तींना ठरवावं लागलं. मुंबईच्या लोकलनं आयुष्य काढलेली मी पहिल्याच ओळीत कामगारांच्या बाजूची झाले. सँडविचवाल्याचा चेहराही तेव्हा डोळ्यांसमोर होता, हे खरं.

जोडपत्र ‘ब’ लंडनचं. टॉवर ब्रिजवर आजही नदीचा मान पहिला. बोटीनं २४ तास आधी कळवलं की पूल उचलतात, तेही फुकट. मे १९९७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन तिथून चालले होते. त्यांच्या गाड्यांचा ताफा अर्धा पलीकडे गेला आणि मधेच पूल उघडला, कारण ग्लॅडिस नावाच्या जुन्या बार्जची वेळ नोंदवलेली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या संरक्षणाचे दोन तुकडे करायला एक बार्ज पुरली. अण्णांनी या जोडपत्राखाली लाल शाईनं लिहिलं होतं : “वेळ म्हणजे वेळ.”

‘क’ आपलं. हावड्याचा जुना तरंगता पूल १८७४ चा, मधला भाग बाजूला सारून जहाजांना वाट देत. आधी तो दिवसाच उघडत आणि कलकत्ता खोळंबून राही. १९०६ पासून बहुतेक जहाजांसाठी तो रात्री उघडू लागला. बाहेरच्या समुद्रातून येणाऱ्या मोठ्या आगबोटींनाच तेवढा दिवसाचा मान उरला. नदीतल्या जहाजांना झोपेतून उठवलं म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेल्याचं अण्णांच्या फाइलीत तरी नव्हतं.

अर्ज पाठवण्याआधी तो घरात सर्वांना दाखवायचा, असं अण्णांनी ठरवलं. खात्याची शिस्त. जेवणानंतर सुनावणी झाली.

माझा नवरा म्हणाला, बुधवार वगळा, बुधवारी अकराला त्याची क्लायंटबरोबर मीटिंग असते आणि तो पुलाच्या चुकीच्या बाजूला राहतो. मुलीनं शनिवार वगळायला लावला, कारण शनिवारी ती पोहायला जाते. रविवारी मुलाची मराठी शाळा. मी वेळेला हरकत घेतली. अकरा ही कसली वेळ? अकराला लागलेल्या पुलाचा ऑफिसमध्ये कुणाला काय उपयोग? पावणेदहा करा. अण्णांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. साहेबाची भुवई चढावी तशीच त्यांची चढली. तरी त्यांनी “पर्यायी वेळ : ९.४५ (सूनबाई)” असं लिहून घेतलं. सँडविचवाल्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं, तेव्हा त्याची वेळ आणखी कमी करण्यावर एकमत झालं.

मसुद्यात आता रोज नव्हता, अकरा नव्हते आणि बुधवार, शनिवार, रविवारही नव्हते. अण्णांची फेरी तर पार पुसली गेली होती.

सासूबाई इतका वेळ शेंगा सोलत बसल्या होत्या. अण्णांनी त्यांना रीतसर विचारलं, “तुमची काही सूचना किंवा हरकत?”

“मला काय करायचंय तुमच्या वेळेशी?” त्या म्हणाल्या. “केव्हाही उचला. फक्त माझी बस पलीकडे गेल्यावर.”

कुणीच काही बोलेना. अण्णांनी जोडपत्र ‘अ’ पुन्हा चाळलं, मग ‘ब’, मग ‘क’. शेवटी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “बसचा नंबर?”