अकोला ला, बडनेरा मध्ये

पार्सलच्या आधी पार्सलचा निरोप येतो : 'आपला पार्सल बडनेरा मध्ये पोहोचला आहे.' पार्सल पुल्लिंगी झालं, ते सोडून देऊ. तक्रार 'बडनेरा मध्ये'ची आहे.

असे निरोप संगणक जुळवतो. संगणकाकडून फ्रेंच क्रियापदं चालवून घेणं हा प्रोग्रामिंग शिकणाऱ्या नवशिक्यांचा धडा. बहुतेक क्रियापदांची शेवटची 'ई' आणि 'आर' ही दोन अक्षरं कापायची, कर्ता पाहून शेपूट जोडायचं. आपल्याकडच्या प्रोग्रामरांनी धड्याचा उत्तरार्ध तेवढा उचलला. कापत काही नाहीत, नुसते जोडतात. तेही मध्ये जागा सोडून.

बहुधा हे अमरावतीवर तपासलं असावं. अमरावतीला, अमरावतीत; नाव जागचं हलत नाही. अकोला मात्र 'ला' दिसताच वाकतो : अकोल्याला, अकोल्यात. (यावरून गावांच्या स्वभावाचे निष्कर्ष काढू नयेत. अमरावतीकर काढतात.)

मग 'ला'चा 'ल्या', तसा 'रा'चा 'र्या' केला की झालं? तेल्हारा, बडनेरा इथं तेही फसतं. साधा र वापरला की रफार उडून य-च्या डोक्यावर बसतो. तिथं 'ऱ्या' लागतो, आणि त्यातल्या ऱ-ला युनिकोडनं वेगळं घर दिलेलं आहे. ते कळल्यावर कुणी उत्साहानं सगळीकडे 'ऱ्या' केलं, तर दर्यापूरचं दऱ्यापूर होईल आणि लोक त्या सपाट खारपाणपट्ट्यात दऱ्या शोधत हिंडतील.

मूर्तिजापूरला निघताना 'पू' दीर्घ, मूर्तिजापुरात उतरलं की ऱ्हस्व. साहित्य महामंडळाचे हे नियम १९६२ पासून छापील मिळतात.

आमच्या चौकातला चहावाला 'अकोल्याले जाऊन आलो' म्हणतो. त्याच्या 'ले'ला पुण्याकडे हसतात. पण 'अकोलाले' असं त्याच्या तोंडून कधी निघालेलं नाही. हसणाऱ्यांच्या फोनवर 'अकोला ला' येतं, पुढं गाणं सुरू होईल असं वाटतं, आणि ते निमूट वाचतात.

मराठी भाषा विद्यापीठ आमच्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला आहे. पण त्यांना त्रास देण्याइतकं हे काम मोठं नाही. अमरावतीचे तालुके १४, अकोल्याचे ७. नियम जमत नसेल तर २१ नावांची रूपं हातानं लिहून ठेवा. बडनेरा तालुका नाही, पण जंक्शन आहे. तेवढं बाविसावं धरा.