तीन हजारांचा पोंचो

छत्रीचं आणि सह्याद्रीतल्या वाऱ्याचं कधी पटलेलं मी पाहिलं नाही. शहरात, बसस्टॉप ते ऑफिस एवढ्यापुरती छत्री ठीक. घाटमाथ्यावर मात्र पाऊस वरून पडेलच असं नाही. तो आडवा येतो, दरीतून उलटा वर येतो, कधी मागून येऊन मानेत शिरतो. तिथे छत्री उघडणारा माणूस थोडा वेळ तिच्याशी कुस्ती खेळतो आणि मग काड्यांचा जुडगा हातात धरून मुकाट्याने भिजतो. रेनकोटची तऱ्हा वेगळी. तो पावसाला बाहेर अडवतो तसा घामाला आत. चढ संपेस्तोवर आतून इतकी आंघोळ होते की रेनकोट काढून पावसात उभं राहिलं तर जरा कोरडं वाटतं. शिवाय पाठीवरची सॅक बाहेरच. म्हणजे बदलायला आणलेले कपडे आधी भिजणार.

म्हणून पोंचो. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांचा पोशाख: एक लोकरीचं कांबळं आणि डोकं घालायला मधोमध चीर. आपल्या धनगरांनी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली, तिकडच्यांनी तिला भोक पाडलं. आता तो नायलॉनचा येतो, टोपीसकट, आणि सॅकसह माणसाला पोटात घेतो. खालून उघडा असल्यामुळे वारा खेळतो, घाम कमी साचतो. हे सगळं मी घरी सांगितलं आणि फसलो, कारण ते मामांनी ऐकलं. मामा आंबोलीचे. पावसाशी संबंधित कुठलीही खरेदी त्यांच्याशिवाय व्हावी, हे त्यांना मान्य नाही.

रविवार पेठेत, बोहरी आळीजवळच्या एका दुकानात दुकानदाराने पहिलाच पोंचो पसरून सांगितलं, "काका, तीन हजारांचा आहे."

"तीन हजार? याला?"

"रुपये नाही हो, मिलिमीटर."

मामांनी हिशेब केला. "आमच्याकडे वर्षाला सात हजारांच्या घरात पडतो. म्हणजे हा जुलैतच संपणार. पुढे काय करू?"

दुकानदाराने गंभीरपणे विचारलं, "पाच हजारांचा दाखवू?"

"तोही गणपतीपर्यंत पोचायचा नाही."

वास्तविक या आकड्याचा आंबोलीशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि थेंब पलीकडे डोकावू लागले की तो दाब किती उंच पाण्याच्या स्तंभाएवढा झाला ते पाहतात. तीन हजार म्हणजे तीन मीटर उंचीचं पाणी. पावसाचा मारा खरं तर त्याहून बराच कमी असतो. कापडाला दाब सोसावा लागतो तो सॅकचे पट्टे खांद्यावर रुततात तिथे, किंवा आपण ओल्या दगडावर बसतो तिथे. पोंचोत पट्टे आतच राहतात, त्यामुळे निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी शिवणीची. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी येऊ शकतं, म्हणून शिवण उलटी करून आतून पट्टी चिकटवली आहे का ते बघायचं. मी ते बघत होतो, तेवढ्यात मामांनी पोंचो डोक्यात घातला आणि भर दुकानात भात लावायला वाकले.

"पाठ झाकली का बघ!"

गिऱ्हाइकं थांबली. मामा ओणवेच. त्यांचं म्हणणं असं की पावसात वापरायच्या वस्तूची परीक्षा उभ्याने होत नाही. कोकणातलं इरलं आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचं छप्पर. ते डोक्यावरून पाठीवर सोडलं की माणूस दिवसभर वाकून लावणी करू शकतो. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी, पुढून हवा. नाडी नाही, बटण नाही, लेबल तर नाहीच.

मामांच्या कसोटीत तो पोंचो नापास झाला. मागून वर सरकला आणि पोटऱ्या उघड्या पडल्या. मी गुपचूप माझी सॅक त्यांच्या पाठीवर चढवून पुन्हा घालायला लावला, तर कंबरसुद्धा दिसायला लागली. चांगल्या पोंचोला यासाठी मागे कापडाचा जादा पदर असतो. एरवी टिचबटणांनी वर दुमडून ठेवायचा, सॅक असली की सोडायचा. असा एक शेवटी फळीवरून निघाला. बाजूंनाही टिचबटणं होती. ती नसली तर वाऱ्यात पोंचो मागून उडून तोंडावर येतो आणि कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर, 1646 मीटरच्या शिखराखाली, आपण टोपलीखाली कोंडलेली कोंबडी होतो. बटणांवरही फार विसंबू नये. कमरेला एक दोरी बांधावी आणि शिडी चढताना पुढचा घोळ तिच्यात खोचावा, म्हणजे निदान स्वतःचे पाय दिसतात. माथ्याखालच्या चहावाल्याच्या चुलीपासून मात्र चार हात लांब. नायलॉनवर ठिणगी पडली की मुगाएवढं भोक पडतं, काठ काळे आणि कडक. आणि स्कूटरवर पोंचो अजिबात नको. तो चाकात जायला टपलेलाच असतो.

रंगावरून मात्र घरात दोन तट पडले. बायकोला शेवाळी हवा होता, चारचौघांत बरा दिसेल असा. श्रावणातल्या सह्याद्रीत शेवाळी रंगाचा माणूस हरवला तर त्याला शोधणार कसा? हरवलेल्या माणसाने बरं दिसण्यापेक्षा नुसतं दिसणं महत्त्वाचं. नारिंगी घेतला.

घडी करून ऑफिसच्या खणात ठेवायला एक पातळ, रुमालाएवढा होणारा पोंचोही घेतला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोक रात्र रात्र चालत घरी पोचले, हे ज्यांनी पाहिलं त्यांना ही खरेदी हास्यास्पद वाटणार नाही. फक्त वाहत्या पाण्यात उतरायची वेळ आली तर तो आधी काढायचा. घोळात पाणी भरलं की तो आपल्याला घेऊन निघतो.

पोंचोसोबत एक माहितीपत्रक होतं. कोपऱ्यांतल्या रिंगांत दोऱ्या ओवल्या की छप्पर, जमिनीवर टाकला की अंथरूण, सामानावर टाकला की आच्छादन, वगैरे. वारकऱ्यांना हे कुणी पत्रक वाटून सांगितलेलं नाही. दिवसा डोक्यावर असलेला प्लॅस्टिकचा कागद रात्री शाळेच्या ओल्या ओसरीवर त्यांच्या अंगाखाली असतो. मामांनी पत्रक वाचून "यात नवीन काय?" एवढंच विचारलं आणि त्याचा चष्मा पुसायला उपयोग केला.

वाळवायचं कसं, याबद्दल मात्र त्यात एक ओळ होती: सावलीत पूर्ण कोरडा करून मगच घडी घालावी. ओला गुंडाळून ठेवला की आतला थर चिकट होऊन सुटायला लागतो, वासही येतो, म्हणून सूचना रास्तच. पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, जुलै महिन्यात? दोऱ्यांवर आधीच घरभराचे दमट कपडे. शेवटी तो गॅलरीच्या कठड्यावर टाकला. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोन दिवस निथळणारं पाणी पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या प्लंबरला वर पाठवलं. त्याने भिंत ठोकून पाहिली, पोंचो उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "साहेब, हा कितीला पडला? मला टाकीवर चढताना पाहिजे असा."