पानिपत : नियम तपासणे आहे

माझा खेळ 14 जानेवारी 1761च्या सकाळी सुरू होतो. नियमावलीचं पहिलंच वाक्य तसं आहे. तरीही नियम तपासायला बोलावलेली मंडळी टेबलाशी बसली की आधी ऑक्टोबरात जातात. कुंजपुरा घेतल्यावर भाऊंनी तिथं रेंगाळायलाच नको होतं, बागपतला यमुना उतरताना अब्दालीला गाठायला हवं होतं, वगैरे. चहा संपतो, फासा जागचा हलत नाही.

पटावर कॅरमच्या सोंगट्या आहेत. उपासमारीचा नियम मी फार मेहनतीनं बसवलाय : दर डावाला मराठी घोडदळाची ताकद एकेक अंकानं घटते. त्यावर भाऊ झालेले गृहस्थ म्हणाले, "बुणगे आणि यात्रेकरू पुण्यालाच ठेवू, मग कशाला घटेल?" विंचूरकरांसाठी फासा आहे. एक किंवा दोन पडलं, तर ते गोल मोडून पुढं धावतात आणि इब्राहीमखान गारद्याची बाजू उघडी पडते. "मी कशाला मोडीन गोल?" असं तासभर भांडून विंचूरकरांनी दुसऱ्याच डावात, फासा न टाकता, घोडी पुढं काढली.

होळकर खेळणारे काका इंदूरचे. विश्वासराव पडल्यावर होळकरांनी रणांगण सोडायचं, हा नियम वाचून ते उठलेच. भाऊंचाच तसा निरोप होता, असं त्यांचं म्हणणं. बायकामंडळींना सुखरूप न्यायला मग कोण होतं? नियमात "निरोप मिळाल्यास" हे दोन शब्द घातले, तेव्हा ते बसले. अब्दाली व्हायला अर्थातच कुणी तयार नव्हतं. मामाला नाही म्हणता येत नाही म्हणून भाचा बसला.

पहिल्या मसुद्यात मराठे जिंकले. नियम अचूक आहेत, असं सर्वानुमते ठरलं. मग मी अब्दालीला दुपारसाठी राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरची जंबुरकं दिली. ती त्याच्याकडे खरोखरच होती. भाऊंकडे तशी राखीव फौज नव्हती, हेच तर त्या दुपारचं मर्म. भाच्यानं ती नेमक्या वेळी सोडली. नियम साफ चुकीचे ठरले, आणि भाच्याला लाडूसुद्धा कुणी दिला नाही.

मराठी माणसांकडून युद्धखेळाचे नियम तपासून घ्यायचे असतील, तर त्यांना 1815चं वॉटर्लू द्यावं. तिथं कुणाचेच खापरपणजोबा नव्हते.