बिनपगारी, फुल अधिकारी

सकाळी सातच्या गजराला माझा नवरा भीक घालत नाही. रात्री अडीचला पेजर किंचाळला, की तोच माणूस डोळे उघडायच्या आत पँटमध्ये शिरलेला असतो. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात तो अग्निशमन दलाचा आणि रुग्णवाहिकेचा स्वयंसेवक आहे. स्वतःच्या गाडीला निळा दिवा लावायची परवानगी आहे, पण सिग्नल तोडायची नाही. लोकांनी वाट दिली तर दिली. लग्नातल्या नवरदेवासारखंच: बसायला घोडा, लगाम दुसऱ्याच्या हातात.

सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर चौकशी केली होती.

"पगार किती देतात रे?"

"काही नाही, आई."

"मग दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी?"

"नाही."

"खायला तरी?"

"कधीकधी पिझ्झा."

त्यानंतर बराच वेळ सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जणू ही नोकरी मीच लावून दिली होती.

ही खोड या देशाला फार जुनी आहे. १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने 'युनियन फायर कंपनी' काढली, तेव्हा तो पोटासाठी छापखाना चालवत होता. सभासदांनी चामड्याच्या बादल्या आणि जळत्या घरातलं सामान भरायला पिशव्या स्वखर्चाने जय्यत ठेवायच्या. बैठक चुकली तर दंड! फुकट काम करा आणि नाही आलात तर वर पैसे भरा, ही कल्पना सुचणारा माणूस थोरच म्हणायला हवा. रुग्णवाहिकेचंही तसंच. १९२८ मध्ये व्हर्जिनियातल्या रोअनोक गावी ज्युलियन वाइज या रेल्वेतल्या कारकुनाने सहकाऱ्यांना जमवून स्वयंसेवी बचावपथक उभं केलं. आजही अमेरिकेत दर तीन अग्निशमन जवानांतले जवळजवळ दोन स्वयंसेवकच आहेत.

फरक पडला तो नोकरीच्या पत्त्यात. पूर्वी दुकानाला कडी घालून माणूस धावत सुटायचा. आता तो हडसनपलीकडे, मॅनहॅटनच्या कुठल्यातरी विसाव्या मजल्यावर बसलेला असतो, आणि तिथून गावातली आग दिसतही नाही. म्हणून कित्येक गावांनी दिवसापुरती पगारी माणसं नेमली आहेत. रात्र मात्र अजून स्वयंसेवकांचीच.

सिनेमातल्या ज्वाळा क्वचितच. बहुतेक वेळा कुणी आजोबा खुर्चीवरून घसरलेले असतात. त्यांना उचलायचं, रक्तदाब बघायचा, आणि दवाखान्यात जायला त्यांनी ठाम नकार दिला की त्यावर सही घ्यायची. किंवा मग धुराचा भोंगा. एकदा फोडणीच्या ठसक्याने एका देशी घरातला भोंगा केकाटला. हेल्मेटं, कोट, बूट घातलेली पलटण दारात उभी, नवऱ्याने एक श्वास घेतला आणि जाहीर केलं, "लाल मिरची." वीस वर्षं दलात काढलेले लोक त्याच्याकडे आदराने बघू लागले. चकल्यांचा डबा घेऊनच सगळे परतले.

खरी परीक्षा सकाळी नऊच्या मीटिंगला. रात्री कुणाच्या घरी गेलो, काय झालं, हे बाहेर सांगायचं नाही असा दंडक आहे. त्यामुळे तो फक्त "झोप नाही झाली" म्हणतो आणि ऑफिसातल्यांना वाटतं, भारताची मॅच होती. घरीही तेच. अर्धवट सोडलेल्या वाढदिवसांची कारणं मलाच द्यावी लागतात. अर्ज त्याने एकट्याने भरला, भरती आम्ही सगळेच झालो. तरी खरं सांगू? मध्यरात्री कुणाच्या आजीला उचलायला गेलेल्या माणसाशी पहाटे भांडणही धड जमत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या, तेव्हा दलाचा पॅनकेक नाश्ता होता. पंपासाठी निधी जमवायचा होता. घरी कधी धिरडं न उलथलेला त्यांचा मुलगा अ‍ॅप्रन बांधून तव्यापुढे उभा. त्यांनी दोन खाल्ले, डॉलर मोजून दिले आणि विचारलं, "आईकडूनही घेतोस?"

"पावती देतो ना," तो म्हणाला.